आधी पाह्य तं खरं

छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. मी दोन सोडले. तिथले सर बटनं सांगायचे आणि फोनवर बोलायला बाहेर जायचे. तिसरा शंकर नगरातला. शिकवणारी आमच्यासारखीच विदर्भातून आलेल्या घरातली, पण सगळे तिला दीदीच म्हणायचे. कुणी घाईनं माऊस धरला की ती म्हणायची, "आधी पाह्य तं खरं! घाई काहून करून राहिली?" फोटोत उजेड कुठून येतो हे ओळखल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नसे.

एकदा बीरगांवचा एक कामगार आईचा एकुलता एक फोटो घेऊन आला. ओलीनं चेहऱ्याची डावी बाजू गेली होती. दीदीनं काम मला दिलं. मी उजवा डोळा उलटवून डावीकडे बसवला आणि खूश झाले.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "अच्छा है दीदी. पर ये माँ नहीं है."

मला रडूच आलं. दीदी रागावली नाही. तिनं माझ्याशेजारी खुर्ची ओढली. "बैठो भैया. कैसी थी, बताओ." आणि मला म्हणाली, "आता हे सांगतीन, तू कर."

दुपारभर तो सांगत राहिला. आईचा डावा डोळा जरा बारीक होता, पापणी झुकलेली, हसली की जवळजवळ मिटायचीच. मी पुसत होते, पुन्हा काढत होते. दीदी मागं उभी होती, पण माऊस तिनं माझ्याच हाती ठेवला.

बोलता बोलता तो स्क्रीनकडे पाहून एकदम थांबला. हिंदी सुटली, आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "हव. मोर दाई." हो, माझी आई.