बावीस ठिपके आणि सत्यशीला

दौलताबादचा घाट अर्धा चढून झाला तरी सत्यशीलानं तोंडातून शब्द काढला नव्हता. उस्मानपुऱ्यातून पहाटे निघालो, सोळा-सतरा किलोमीटर झाले. श्रावणातला शनिवार, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली मुलगी. मनात नाम घेत असेल म्हणून मीही गप्प. शेवटी राहवेना.

"काय गं, मारुतीस्तोत्र म्हणतेस का?"

"नाय काकू. सरांना शिव्या देतेय. एकशेआठ झाल्या की थांबते."

मी म्हटलं, चल, संख्या तरी धार्मिक आहे.

सत्यशीला आमच्या गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षांपासून राहते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतची मुलं शिकवून निवृत्त झालेली बाई. परिसर अभ्यास म्हणजे विहीर, पोस्ट ऑफिस आणि ग्रामपंचायत, एवढंच माझं विश्व. ही पीएच.डी. करायला आली ती क्वेसार घेऊन. क्वेसार म्हणजे काय, ते तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं. फार लांबच्या एखाद्या दीर्घिकेच्या मधोमध भलंमोठं कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू इतका तापतो, इतका उजळतो, की त्या झगमगाटापुढं सगळी दीर्घिका फिकी पडते. काही क्वेसारांतून रेडिओ लहरींचे जोरदार झोत निघतात, ते कळायला सोपं. पण बहुतेकांचा रेडिओ मिणमिणता. तो नक्की येतो कुठून, यावर जगभरची विद्वान मंडळी भांडतात. कुणी म्हणतं कृष्णविवराजवळून येतो, कुणी म्हणतं नाही, आजूबाजूच्या ताऱ्यांतून येतो.

ज्या प्रश्नावर विद्वानांचं एकमत नाही, तो सोडवायला बिडकीनजवळच्या धनगराची मुलगी निघाली. नातेवाइकांची शंका मात्र साधी होती. यावर तलाठी होता येतं का? नाही ना? मग झालं.

तिचे मार्गदर्शक अप्पाराव सर. सर फार मोठे. त्यांच्या केबिनमध्ये त्यांचेच सात फोटो आहेत. आठव्यासाठी भिंत अपुरी पडते. दोन वर्षांपूर्वी सत्यशीलानं बावीस मिणमिणत्या क्वेसारांची रेडिओ चित्रं गोळा केली. प्रत्येक चित्रात एक ठिपका. ठिपका मधोमध, कृष्णविवर मधोमध; सरांनी हिशेब लावला आणि थेट वर्तमानपत्राला मुलाखत दिली. 'बावीस कृष्णविवरांचा आवाज टिपला!' सत्यशीलाचं नाव शेवटच्या ओळीत होतं, तेही सत्यशीलाऐवजी 'एका विद्यार्थिनीने' असं.

गावानं मात्र नाव शोधून काढलं. वेशीवर बॅनर लागला. त्यात मध्ये कृष्णविवर, कोपऱ्यात सत्यशीला आणि भोवती अकरा पुढारी. शाल झाली, नारळ झाला. एका वक्त्यानं सांगितलं की हे सगळं आपल्या पोथ्यांमध्ये आधीच लिहिलेलं आहे. मी रोज पोथी वाचते. माझ्या प्रतीतून तेवढं पान गळालेलं दिसतं.

सत्काराला न आलेला एकच माणूस, तिचे वडील मल्हारराव. त्या दिवशी ते मेंढरं घेऊन रानात होते. चराईचं रान कंपन्यांच्या तारेच्या कुंपणात गेलं, तरी साठ मेंढरं ते सोडत नाहीत. संध्याकाळी तिनं लॅपटॉप उघडून त्यांना ठिपका दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "किती लांब हाय हे?"

"लई लांब, आबा. तिथला उजेड इथं यायला दहा अब्ज वर्षं लागत्यात."

"मग ही एकाचीच करामत कशावरनं? लांबनं साठ मेंढरं बी एकच घोंगडी दिसत्यात. जाळीच्या वाघरीत कोंडून एकेक मोजल्याबिगर मी आकडा सांगत नसतो. तुझ्या सरांनी लांबनंच सांगितला व्हय?"

बाईसाहेब त्या रात्री जेवल्या नाहीत. मग युरोपभर पसरलेल्या अँटेनांनी मिळून घेतलेली निरीक्षणं तिनं मिळवली. त्यांतून चित्र कितीतरी बारीक दिसतं. आठ महिने गच्चीवर बसून तिनं एकेक ठिपका उकलला. पंधरा ठिपके फुटले. म्हणजे तो रेडिओ मधोमधून येतच नव्हता. सगळ्या दीर्घिकेत पसरलेला होता. तिथं मोठाले तारे ढिगानं जन्मतात, लवकर फुटून मरतात, आणि त्या स्फोटांतून उडालेल्या कणांमुळं रेडिओ लहरी निघतात. पाच ठिपक्यांत खरंच कृष्णविवराचं काम होतं. दोन कळेनात, तर तिनं तसंच लिहिलं, 'कळत नाही'. पीएच.डी.च्या प्रबंधात असं लिहायची परवानगी असते हे मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नसावं.

"मग सर काय म्हणाले?" घाट संपताना मी विचारलं.

"म्हणाले, छान काम केलंस. आता हे प्रकरण काढून टाक. डॉक्टर झाल्यावर बघू."

"आणि नाही काढलं तर?"

"तर प्रबंधावर सही नाय. मुदत सप्टेंबरात संपतेय काकू. वाढवून मिळायची तेवढी मिळाली."

सहा वर्षं एका सहीत अडकलेली. मी तिला व्यवहाराचं ज्ञान दिलं. "मग काढ की. आधी डॉक्टर हो, नंतर खरं बोल. मोठी माणसं तसंच करतात. नंतर बोलायचं राहून जातं, तो भाग वेगळा."

ती हसली नाही. "आबांना काय सांगू? मोजली, पण पंधरा सोडून दिली?"

मला चौतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न कुणी विचारला नाही. मी पदर सारखा केला आणि चालत राहिले.

कागजीपुऱ्याजवळ भाविकांना फुकट चहा वाटायचा मंडप होता. मारुतीचा फोटो वहीएवढा, चहा देणाऱ्या भाऊंचा फोटो दरवाजाएवढा. देवानं समजून घेतलं असेल. आम्ही चहा घेऊन कडेच्या दगडावर टेकलो. सत्यशीलानं चप्पल काढून पायाचा फोड बघितला, परत चप्पल घातली.

"काकू, गुरुवारी माझा सेमिनार हाय. प्रबंध द्यायच्या आधीचा. सर म्हणाले, फक्त जुनी चित्रं दाखवायची."

"मग?"

"पण तो खुला असतोय. कुणी बी येऊन बसावं, कुणी बी प्रश्न विचारावा. विचारलं की मला उत्तर द्यावंच लागतं, आणि बाहेरून आलेले परीक्षक ते लिहून घेतात. एकदा त्यांच्या कागदावर आलं की ते प्रकरण सरांना काढता येत नाय. मी आपणहून बोलले तर मुजोरी. विचारल्यावर बोलले तर उत्तर."

"तुमच्या विभागातली मुलं विचारतील की."

"त्यांच्या बी सह्या सरांकडंच हायेत. तुमचं काय अडकलंय त्यांच्याकडं?"

विचार केला. काहीच अडकलेलं नव्हतं. पेन्शन वेगळ्या खात्यातून येते.

"अगं, मला इंग्रजी येत नाही. सगळ्या विद्वानांसमोर मी उभी राहू?"

"मराठीतच विचारा. चौथीच्या पोराला विचारता तसं. दुसऱ्या रांगेत बसा, म्हणजे परीक्षकांना ऐकू जाईल. माझं बोलून झालं की हात वर करा आन् एवढंच म्हणा, बाळ, हे बावीस ठिपके तू जवळून पाहिलेस का, आणि पाहिलेस तर काय दिसलं? विचाराल ना काकू?"