जोडाक्षरांच्या अलीकडचं पान

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कांदा निवडणं. दुपारची वेळ, घरामागच्या कांद्याच्या चाळीत बसलो होतो. मी सडका बाजूला काढत होतो, हिरा चांगला गोणीत भरत होती. भरता भरता गोणीवरची अक्षरं बोट लावून वाचत होती. मला म्हणाली, "आवो, वर्गात आता जोडाक्षरं सुरू झाली आसतील. जाऊ का मी आज? एकटीच जाते. तुमी नका येऊ."

मी म्हणालो, "गप कांदा भर. गावात हसू झालंय तेवढं बास."

ती कांदा भरत राहिली. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं.

पहिलंच सांगून ठेवतो — भूत, बाधा, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जातो. गूढ अनुभवांच्या असल्या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. मुळात लिहू असंच वाटलं नव्हतं. शुद्धलेखन आमच्या साक्षरता वर्गाच्या मॅडमनी तपासलंय, शब्द माझे आहेत.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, कोरडवाहू. दुसरीत माझी शाळा सुटली. सुटली कसली, मीच सोडली. गुरुजींनी उभं राहून वाच म्हटलं की घसा कोरडा पडायचा, कान तापायचे, तळहात ओले व्हायचे. पोरं खिदळायची. एकदा उभ्या उभ्या चड्डी ओली झाली. त्यानंतर शाळेच्या वाटेलाच गेलो नाही. पुढं सगळा जन्म सोंगं केली. बँकेत गेलो की चष्मा घरी राहिला म्हणायचो. एसटी आली की वरची पाटी न बघता कंडक्टरवरच डाफरायचो — "कुठं चालली ही?" लोक म्हणायचे, किसन लई तापट. तापट कसला, भ्यायलेला माणूस. हे एकट्या हिराला ठाऊक होतं.

मागच्या साली झेडपीच्या शाळेत आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा साक्षरता वर्ग निघाला. संध्याकाळी, शाळेच्याच एका खोलीत. हिरानं मला ओढत नेलं. मी अट घातली — तू माझ्या मागं बसायचं. माझी पाळी आली की ती मागून हळूच शब्द सांगायची, मी मोठ्यानं म्हणायचो. वाक्य झालं की जिभेनं 'टक्' करायची, म्हणजे पुढं चला. झकास चाललं होतं.

एक दिवस तिचा आवाज जरा मोठा निघाला. माझा बालमित्र बबन शेजारीच बसलेला. तो ओरडला, "आरं किसन्या, वाचत्यात वहिनी आन् तू काय लाऊडस्पीकर हाय व्हय?"

सगळा वर्ग हसला. मॅडमसुद्धा पदरानं तोंड झाकून हसल्या. मी पुस्तक मिटलं, हिराचं मनगट धरलं. "चल घरी. परत हितं पाय ठिवायचा न्हाई." ती उठली, पण दारातून मागं फळ्याकडं बघत होती. मॅडम म्हणायच्या, सगळ्या वर्गात हिराबाई हुशार. लाज माझी होती, शाळा तिची बंद केली.

तेरावं झाल्यावर मी दोघांची पुस्तकं परत द्यायला गेलो. द्यायची आणि निघायचं. मॅडम म्हणाल्या, "बाबा, आलाच आहात तर बसा." बसलो, नेहमीच्या जागेवर. मागं नुसती भिंत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जमेल तेवढं वाचा. पहिल्या पानापासून."

उभा राहिलो. तेच सगळं — घसा, कान, तळहात. चष्मा घरी राहिला म्हणणार होतो, पण तो मेला नाकावरच होता.

आणि उजव्या कानामागून आवाज आला. "गाय… माळावर… चरते." टक्.

हिराचा आवाज. चुकायचा प्रश्नच नाही, अख्खा संसार त्या आवाजाबरोबर केला. वळून बघितलं. भिंत. मग तिच्यामागोमाग म्हणत गेलो. पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं… जन्मात पहिल्यांदा चार माणसांत उभा होतो आणि भ्यालो नव्हतो.

पान उलटलं. जोडाक्षरं लागली. आवाज थांबला.

मी वाट बघितली. हळूच म्हणालो, "अगं, सांग की." काही नाही. फक्त मागं कुणीतरी अडल्यासारखा श्वास धरून होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ह्या पानाच्या पुढं तिला येतच नव्हतं. ह्याच पानावरून मी तिला उठवून नेलं होतं.

मी पुस्तक खाली केलं. मोठ्यानं म्हणालो, "फुडचं तिला येत न्हाई. म्या शिकू दिलं न्हाई."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर लिंबाखाली बबननं गाठलं. "किसन्या, खरं सांग. तुज्या मागं कोन हुतं?"

"का रं?"

"मला वहिनी ऐकू आल्या. भैरोबाची शप्पत."

बबन म्हणजे गावातला एक नंबरचा थापाड्या. पण भैरोबाची खोटी शपथ तो कधी घेत नाही. मॅडमना काहीच ऐकू आलं नव्हतं. पोराला फोन केला, तो पुण्याला असतो. म्हणाला, "आबा, तेवढं तुम्हाला पाठ झालं असंल. टेन्शन घेऊ नका." असंल बाबा. मग बबनच्या कानात कोण बोललं? पुढं मी रोज वर्गात जाऊन त्याच जागी बसलो. परत कधी आवाज आला नाही. ते काय होतं, मला अजून सांगता येत नाही.

आवाज आला त्या रात्री डोळा लागला नाही. सकाळी पुस्तक घेऊन दारातल्या ओट्यावर बसलो. दूध घालायला निघालेली माणसं तिथूनच जातात. जोडाक्षरांचं पान उघडलं आणि मोठमोठ्यानं सुरू केलं. "र… स… त…" अडलो. शेजारची सून किटली घेऊन थांबली होती, ती फिसकन हसली. तिच्यामागचे दोघं हसले. कान तापले.

म्हणालो, "सूनबाई, हसून झालं की सांग. हे काय लिवलंय?"

ती वरमली. वाकून बघितलं. "रस्ता, आबा."

मी मान वळवली आणि घराच्या उंबऱ्याकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हिरा, ऐक. रस्ता."