मातीवरची खूण

जव्हारला संस्थानच्या क्लबात टेनिसचं मैदान झालं, तेव्हा माझा फरशीचा धंदा होता आणि ते काम मलाच मिळेल असं वाटलं होतं. पण दरबाराने मातीच पसंत केली. तो राग मनात धरून मी खेळ बघायला जायचो. शेजारी कचेरीतला एक कारकून बसायचा. मी कुरकुरलो की म्हणायचा, "शेठ, दमानं घ्या. मातीवर चेंडू उशिरा येतो, म्हणून तर दोघं इतका वेळ झुंजतात." हळूहळू मला गोडी लागली. बाजारातली माणसंही येऊ लागली.

एकदा त्याच्याच साहेबांचा चेंडू रेषेबाहेर पडला. साहेब म्हणाले, "आत आहे." कारकून उठला, वहाणा काढल्या आणि मैदानात जाऊन चेंडूच्या खुणेपाशी उभा राहिला.

"नोकरी नकोशी झाली काय रे?"

"हवी आहे, साहेब. पण खूण बाहेर आहे."

साहेबांनी बुटाने खूण पुसली. पुढे त्याची बदली मोखाड्याला झाली. तरी सुटीच्या दिवशी घाट चढून तो खेळ बघायला यायचा. तो येईपर्यंत त्याच्या जागेवर कोणी बसला, तर माझ्याशी भांडण ठरलेलं असायचं.