भिवाजींचे क्रॅकर आणि पाचोळ्याचा आवाज

हैदराबादेत तारनाक्याच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात ओव्हनचा पिवळा दिवा लागला, की भिवाजी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचे. तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षक बसतो तसे, पाठ ताठ आणि नजर समोर. काचेआड ज्वारीच्या पिठाचे पातळ चौकोन आधी फिकट दिसत, मग त्यांच्या कडांवर तांबूस रंग चढे, आणि भिवाजींच्या चेहऱ्यावरही चढे.

"अहो, डोळे भाजतील!" मागून मनकर्णाबाई ओरडायच्या. भिवाजींना ते ऐकू यायचं नाही. मग त्या पुढ्यात येऊन दोन्ही हातांनी डोळे झाकून दाखवायच्या.

"हौ, हौ," भिवाजी म्हणायचे आणि तिथंच बसून राहायचे.

लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेला हा नांदेडकडचा माणूस. निवृत्तीनंतर कान हळूहळू मिटत गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकोचं बोलणं. मुलीने, प्रियदर्शिनीने, कानात घालायचं यंत्र आणून दिलं. ते भिवाजींनी चार दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं.

"ह्यातून बशी, बस आणि तुझी आई, तिघं एकाच आवाजात बोलतात," त्यांनी मुलीला सांगितलं. "हा आवाज नाही, आवाजाचा लगदा आहे."

असं बोलायचा त्यांना अधिकार होता. कारण दिवसा रंधा मारणारा हा माणूस संध्याकाळी हैदराबादच्या मराठी हौशी नाटकमंडळींचा आवाज होता. म्हणजे नटांचा नव्हे. वीज, पाऊस, घोडे आणि भुतं यांचा. कारखान्यातून रीतसर मागून आणलेला पत्रा हलवला की प्रेक्षकांतली पोरं आईच्या पदरात शिरायची. सुपात वाटाणे फिरवले की बाहेर खरंच पाऊस आहे असं वाटून लोक छत्र्या चाचपायचे. नारळाच्या करवंट्यांवर त्यांनी किती घोडे दौडवले, त्याची मोजदाद नाही. पण त्यांचा सगळ्यात नाजूक आवाज होता पाचोळ्याचा. विद्यापीठाच्या आवारातली झाडांची वाळकी पानं गोणीत भरून आणायची आणि विंगेत बसून त्यांच्यावर तळहात असे दाबायचे, की रंगमंचावर कुणी न दिसता कुणीतरी आलं पाहिजे.

त्याच पाचोळ्याने त्यांचा घात केला. नाटक जुनंच होतं. रानातल्या झोपडीत एक बाई हरवलेल्या नवऱ्याची वाट बघते आहे. ती कुजबुजते, "वारा पडला." शांतता. मग पाचोळ्यावर पावलं वाजतात आणि ती दचकून विचारते, "कोण आहे तिथं?" त्या प्रयोगात भिवाजी कुजबुज ऐकण्यासाठी डोळे मिटून, कान देऊन बसले होते. कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. बाईचं काम करणाऱ्या कुसुमताई थांबल्या, थांबल्या, आणि शेवटी नाइलाजाने विचारत्या झाल्या, "कोण आहे तिथं?" त्यानंतर पावलं वाजली. मागून कुणीतरी ओरडलं, "उशीर झाला, बस चुकली वाटतं!" आणि अख्खं सभागृह हसलं.

कुणीही भिवाजींना एक शब्द बोललं नाही. पण त्यांनी पत्रा मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. पुढे पुढे लग्नाला नाही, मैतीला नाही. जिथे चार माणसं बोलतात तिथे आपण खांबासारखे उभे राहणार, हे त्यांना सोसेना.

मग एका रविवारी प्रियदर्शिनी दिलसुखनगरहून आली ती ओव्हन घेऊनच. तिने स्वतःसाठी मोठा घेतला होता, जुना आईला. सोबत दुकानातल्या खारट, कुरकुरीत क्रॅकर बिस्किटांचं पाकीट आणि कसलंसं पांढरं डिप. भिवाजींनी एक क्रॅकर डिपमध्ये बुडवून तोंडात टाकला.

कर्र.

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. दुसरा क्रॅकर घेतला. कर्र! आवाज त्यांच्या डोक्याच्या आत झाला होता, स्वच्छ, धारदार, ताजा. बाहेरच्या आवाजाला कानाच्या दारातून यावं लागतं; दाताखाली मोडलेल्याला हाडातून थेट वाट असते. भिवाजींनी एकामागून एक अख्खं पाकीट संपवलं आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट होतं का गं?" मनकर्णाबाईंनी घाबरून मुलीला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून भिवाजींनी पीठ मळायला घेतलं. ज्वारीचं पीठ, बांधून यावं म्हणून थोडी कणीक, तीळ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. सुताराचाच हात तो. लाटी अशी पातळ लाटायचे की खालच्या ओट्याचे ठिपके दिसावेत. पहिल्या घाण्यात क्रॅकर पुरीसारखे वर आले.

"काय टम्म फुगलेत!" मनकर्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांची सगळी हयात भाकरी फुगवण्यात गेलेली.

"फुगायचे नाहीत, मनू! हे फुगले की मेले!" भिवाजींनी प्रियदर्शिनीला फोन लावायला लावला. ती सांगत गेली आणि मनकर्णाबाईंनी ते खुणांनी त्यांच्यापर्यंत पोचवलं: भाजण्याआधी काट्याने टोचे मारायचे. मग टोचे मारलेले, करंजीच्या कातणाने कापलेले, कडेला नक्षी असलेले चौकोन ओव्हनमध्ये जाऊ लागले. मनकर्णाबाई टांगलेल्या दह्याच्या चक्क्यात गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी कालवायच्या. कधी लसूण आणि कोथिंबीर. शेजारच्या तेलुगू घरांतून डबे रिकामे होऊन परत येत. भिवाजी मात्र डिप न लावता पहिला क्रॅकर कोरडाच खायचे. डोळे मिटून. आणि खाऊन झाल्यावर हात जोडायचे, कुणाला ते न सांगता.

त्या डब्यांतला एक फिरत फिरत विद्यानगरला कुसुमताईंकडे पोचला. चौथ्या दिवशी ताई स्वतः जिना चढून दारात उभ्या.

कुसुमताई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज शेवटच्या रांगेसाठी घडलेला. भिवाजींना थोडाफार कळणारा तेवढा एकच आवाज. त्यांनी खुर्चीत बसून क्रॅकर तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चावायच्या थांबल्या.

"भिवाजी! हा तर आपला पाचोळा!"

'पाचोळा' हा शब्द भिवाजींनी ओठांवरून ओळखला. त्यांचा चेहरा एकदम मिटला.

"आमच्या गच्चीवर वाचन ठेवलंय. तेच नाटक," ताई सावकाश, ओठ उघडून उघडून बोलल्या. "डिपबरोबर खायला क्रॅकर तुमचे. आणि आवाजही तुमचेच."

"खायचे आणतो, ताई. वाजवायचे नाहीत."

"का?"

"त्या जागेला तुम्ही कुजबुजता. मला ऐकू येत नाही. पुन्हा बस चुकेल." आणि मग त्यांनी कधी न बोललेलं बोलून टाकलं. "लोक मला हसले त्याचं काही नाही. तुमचा प्रवेश पडला. ते मला पुन्हा नाही व्हायचं."

ताई काही बोलणार इतक्यात मनकर्णाबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग वळसा घालून एक बोट भिवाजींच्या पाठीत खुपसलं आणि पुन्हा समोर आल्या.

"मी आहे की. ताईंचा वारा पडला की मी असं टोचते. तुमच्या क्रॅकरला टोचता तसं."

"तू विसरलीस तर?"

"आजपर्यंत काय विसरले मी? एक तरी सांगा!"

भिवाजींनी पिठाचा डबा खाली काढला.

वाचनाच्या दिवशी सकाळपासून ओव्हन तापला होता. परातभर क्रॅकर झाले. एवढं करून भिवाजी अंघोळीला गेले. बाहेर येऊन एक क्रॅकर उचलला, चावला, आणि थबकले. आत काहीच वाजलं नाही. चिवट, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दुसराही तसाच.

परातीवर एक धुतलेलं पांढरं फडकं व्यवस्थित खोचलेलं होतं; त्याचाच एक कोपरा त्यांनी क्रॅकर घेताना नकळत उचलला होता.

"मनू! हे काय केलंस?"

मनकर्णाबाई धावत आल्या. "गार होतील म्हणून झाकले..." बोलता बोलताच त्यांना कळलं. गरम क्रॅकरची वाफ फडक्यात कोंडली होती. त्या परातीशेजारी बसल्या आणि फडकं काढून त्याची घडी करू लागल्या. "हात आपोआप जातो हो. इतकी वर्षं तेच केलं ना. तुम्ही तालमीहून यायचात, तेव्हा भाकरी मऊ राहायला पाहिजे म्हणून."

भिवाजींना शब्द कळले नसतीलही, पण त्या फडक्याच्या घडीवर ठेवलेला हात कळला. तालमीहून रात्री परत आल्यावर त्यांना रोज मऊ, ऊन भाकरी मिळाली होती. ती ऊन का असायची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि ते विंगेत घोडे दौडवत असताना ही बाई चुलीपाशी दुरडी झाकून बसायची, म्हणजे तिने त्यांचं एकही नाटक समोर बसून शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं, हेही त्यांच्या ध्यानात आजच येत होतं.

ते खाली बसले आणि त्यांनी क्रॅकर ट्रेमध्ये परत मांडायला सुरुवात केली.

"मंद आचेवर पुन्हा ठेवू," ते म्हणाले. "पाणीच शिरलंय. निघून जाईल. रडू नको, मिठाचं प्रमाण बिघडेल."

मनकर्णाबाई रडता रडता हसल्या. दुसऱ्यांदा भाजलेले क्रॅकर पहिल्यापेक्षा कडक निघाले.

संध्याकाळी विद्यानगरच्या गच्चीवर खुर्च्या भरल्या. नट मंडळी हातात कागद घेऊन बसली. कोपऱ्यात माइकपाशी सुपात क्रॅकर पसरून भिवाजी, आणि त्यांच्या मागे स्टुलावर मनकर्णाबाई, बोट तयार ठेवून. भिवाजींचे तळहात घामेजले होते. क्रॅकर ओले होतील म्हणून ते हात सारखे धोतराला पुसत होते.

वाचन सुरू झालं. विजेला पत्रा, पत्र्याला बोट. पावसाला वाटाणे, वाटाण्यांना बोट. सगळं ठीक चाललं. मग रात्र झाली, नाटकातली. कुसुमताईंनी कागद मांडीवर ठेवला. त्यांना तो लागत नव्हता. त्यांचे ओठ हलू लागले. भिवाजी पाठीतल्या बोटाची वाट पाहू लागले.

बोट आलं नाही.

त्यांनी अर्धवट मान वळवली. मनकर्णाबाईंचा पदर तोंडाशी होता. त्या कुसुमताईंकडे टक लावून पाहत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. नवऱ्याची वाट पाहणारी ती रानातली बाई त्यांना इतकी ओळखीची वाटली होती, की बोट, पाठ, नवरा, सगळं त्या विसरून गेल्या होत्या.

 आता तिला जागं करावं तर प्रवेश जाणार. भिवाजींनी ताईंकडे पाहिलं. या वेळी डोळे मिटून नव्हे, उघडून. ताईंचे ओठ मिटले. खांदे जरासे खाली आले. हाताची मूठ उघडली आणि बोटं अधांतरी थांबली. विंगेतून इतकी वर्षं त्यांनी ह्याच खांद्यांकडे पाहिलं होतं. वारा पडला की बाई असेच खांदे टाकते. तो वारा कानांनी ऐकायचा नव्हताच.

भिवाजींनी तळहात दाबला. थांबले. पुन्हा दाबला, जरा जड, दमलेल्या माणसाचं पाऊल पडतं तसा.

कुसुमताई दचकल्या, खऱ्याखुऱ्या. मान गर्रकन वळली. "कोण आहे तिथं?"

गच्चीवरची सगळी डोकी त्यांच्याबरोबर वळली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर वाकून खुर्चीखाली पाहिलं. कुणी हसलं नाही. भिवाजींना टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण शेवटी पाखरांसारखे फडफडणारे ते हात दिसले, आणि त्यांनी उभं राहून पहिला नमस्कार प्रेक्षकांना नाही, मागे वळून केला.

मनकर्णाबाईंनी जीभ चावली. "अगं बाई! मी टोचलंच नाही!"

"बरं झालं," भिवाजी म्हणाले. "नाटक बघत होतीस."

मोडलेल्या पाचोळ्यातलं मंडळींनी काही वाया जाऊ दिलं नाही. गोंगुऱ्याच्या डिपमध्ये बुडवून सुपातला तुकडा न् तुकडा फस्त केला. कुसुमताईंनी पुढच्या नाटकात दोन घोडे आणि एक वादळ असल्याचं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, भिवाजींच्या तोंडासमोर दोन बोटं नाचवत.

परतताना ऑटोवाल्याने आरशातून विचारलं, "क्या चाचा, ड्रामे से आरे?" मनकर्णाबाईंनी त्यालाही डब्यातले दोन क्रॅकर दिले आणि मग भिवाजींचा हात धरून, हातवारे करून, त्यांना त्यांच्याच नाटकाची गोष्ट सांगू लागल्या. तो नवरा कसा येतो, ती कशी रागावते, मग कशी पाणी देते. भिवाजींना शेवट पाठ होता. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करून ते मान हलवत होते.

डब्यात एक क्रॅकर उरला होता. भिवाजींनी तो मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. दोघांनी एकदम चावला.

"ऐकू आला का?" मनकर्णाबाईंनी ओठ मोठे करून विचारलं.

"माझा ऐकला," भिवाजी म्हणाले. "तुझा दिसला."