सांतानकाकांचा कान

सांतानकाका ग्राहकाच्या घरी गेले की चप्पल दाराबाहेर काढत, पंखा आणि एसी बंद करायला सांगत आणि मग सरळ बेडरूममध्ये जाऊन परक्या माणसाच्या पलंगावर आडवे होत. आडवं होण्याआधी खांद्यावरचा स्वतःचा टॉवेल उशीवर अंथरत, तेवढीच काय ती भीड. नवं माणूस हे पाहून हबकून जाई. मीही हबकलो होतो.

मीरा रोडला स्टेशनाजवळच्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांना रात्री नाकावर मास्क लावून हवा देणारी यंत्रं आम्ही विकायचो. डॉक्टर त्यांना सीपॅप म्हणतात, दुकानात नुसतं ‘मशीन’. विक्री माझ्याकडे आणि घरोघरी जाऊन मशीन बसवणं, तपासणं काकांकडे. कामावर लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं, कुलकर्णी नावाच्या निवृत्त बँकवाल्यांकडे. मशीन कुलकर्णींचं आणि आवाजाची तक्रार बाईंची.

काकांनी बाईंना विचारलं, “तुमची उशी कुठली?” बाईंनी दाखवली आणि काका तिच्यावर डोकं टेकून मोकळे.

“अहो, हे काय? झोपताय कुठे?”

“बाई, तक्रार तुमची हाय ना? मग तुमच्याच उशीवरून आयकायला पायजे. साहेबांच्या उशीवरून मशीन गोडच लागनार. ते स्वतः घोरनारे.”

कुलकर्णी दारात उभे होते, ते हसले. बाई हसल्या नाहीत. काकांनी मला मशीन सुरू करायला लावलं, डोळे मिटले आणि पाच मिनिटं ते तसेच पडून राहिले. मग उठून त्यांनी मशीन टेबलावरून अलगद उचलून हातात धरलं. आवाज अर्ध्यावर आला. टेबल प्लायवूडचं, आतून पोकळ. मशीनची थरथर ते ढोलासारखी वाजवत होतं. काकांनी गोधडीची एक घडी खाली घातली आणि मशीन पलंगापेक्षा खाली, एका स्टुलावर ठेवलं. “टेबल बोलत होतं बाई. मशीन बिचारं गप्पच हाय.” निघताना बाईंनी स्वतःहून चहा टाकला.

काका उत्तनच्या बाजूच्या डोंगरी गावचे. वीस वर्षं त्यांनी मच्छीमार बोटींवर इंजिन सांभाळलं होतं. दुकानात आमच्याशी बोलताना ते बेतानं बोलायचे, पण ‘हाय’ आणि ‘न्हाय’ काही सुटायचं नाही. पुढे गुडघ्यानं दगा दिला, बोट सुटली, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते आमच्या शेठकडे आले. साठी उलटली होती. इंग्रजी माहितीपत्रक त्यांना वाचता येत नसे, आणि त्याची गरजही पडली नाही. आमच्याकडे चार तऱ्हेची मशीनं होती. जुनं मोठं मशीन फ्रिजसारखं घुमायचं. त्यानंतर आलेलं शांत होतं, पण प्रेशर वाढलं की बारीक शीळ घालायचं. तिसऱ्याचा आवाज पाण्याची टाकी भरलेली की रिकामी यावर बदलायचा. चौथं सगळ्यांत महाग, ते सुरू आहे की बंद हे मला हात लावून बघावं लागे. काका दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभे राहायचे आणि पाठीमागे मी कुठलं सुरू केलंय ते सांगायचे, त्याचा फिल्टर किती महिन्यांचा आहे ते सुद्धा. मी पहिली दोन वर्षं हा खेळ म्हणून केला. ते एकदाही चुकले नाहीत.

ग्राहक विचारायचे, या मशीनचा आवाज किती? मी पत्रकातला आकडा वाचायचो. काका मध्येच म्हणायचे, “तो कागदावरचा आवाज. कंपनीनं एकाच प्रेशरवर टेबलावर ठेवून मोजलेला. तुमचं प्रेशर किती, मास्क कुठला, शेजारी कोन झोपते, ते कंपनीला काय म्हाईत?” विक्री करणाऱ्याला हे बोलणं सोयीचं नव्हतं. पण खरं होतं. बऱ्याच वेळा तक्रार मशीनची नसायचीच. मास्कला श्वास बाहेर जायला जी बारीक भोकं असतात, त्यातून सुटणारी हवा शेजारच्या माणसाच्या तोंडावर जात असायची. काका मास्क बदलायचे, नवऱ्याला कूस बदलायला सांगायचे, नाहीतर बायकोला पलंगाची बाजू बदलायला. “चाळीस वर्षांची बाजू सोडायला लोक तयार न्हायत. मशीन परत द्यायला तयार,” असं मला जिन्यात सांगायचे.

हळूहळू लोक माझं नाव घ्यायचे बंद झाले. फोन उचलला की, “सांतानभाई है?” आता लिहितोच आहे तर हेही लिहून टाकतो: मला ते खुपत होतं. मी पदवीधर, माणूस पटवून मशीन विकणारा मी, आणि घरात मान काकांना.

भाईंदर पश्चिमेला दोशी राहायचे. वरसाव्याजवळ त्यांचं फरशीचं गोदाम होतं, रोज स्कूटरनं जात. त्यांचा त्रास मोठा होता, डॉक्टरांनी प्रेशर चौदा लिहून दिलं होतं. चौदाला हवा जोरात सुटते, आवाजही होतो. त्यांच्या बायकोला, हेमाभाभींना, तो सहन होत नव्हता. एक मशीन बदलून झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, “मशीन नको बदलू. मास्क वेगळा घेऊन येतो. आमच्या गावचा सन हाय, चार दिवस थांबा म्हनावं.” आणि ते डोंगरीला गेले.

दुसऱ्याच दिवशी भाभींचा फोन. मी म्हटलं, मी येऊन बघतो. त्या म्हणाल्या, “आप क्या देखोगे विलासभाई? आप तो बेचने का काम करते हो. सांतानभाई को भेजो.”

मी गेलो. दोशी गोदामावर होते. भाभी स्वयंपाकघरात. मशीनची दोन बटणं एकदम दाबून धरली की प्रेशर ठरवायचं पान उघडतं. ते काकांनीच मला दाखवलं होतं आणि बजावलं होतं, “बघायचं. हात लावायचा न्हाय. ते डॉक्टरचं.” मी चौदाचं आठ केलं. मशीन लावलं. आवाज जवळजवळ नाहीसा झाला. भाभी हात पुसत आल्या, थांबून ऐकू लागल्या आणि म्हणाल्या, “अरे वाह. क्या किया?” मी म्हटलं, फिल्टर साफ केला. त्यांनी मला खाकरा दिला. जिना उतरताना मी खूश होतो. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय, पण मी खरोखर खूश होतो.

काका सणावरून आले आणि ठरल्याप्रमाणे नवा मास्क घेऊन दोशींकडे गेले. परत आले. पिशवी टेबलावर ठेवून ते माझ्यासमोर बसले.

“विलास, मधी तू दोशीकडं गेला होतास ना? त्या मशीनचा आवाज तुला कसा वाटला?”

“का काका?”

“मना फार कमी आयकू आला. चौदाला इतका कमी न्हाय व्हायचा. मी दोनदा आयकला. भाभी म्हनतात, आता बराबर हाय.” मग उजव्या कानाला हात लावून म्हणाले, “बोटीवरच्या इंजिनवाल्यांचे कान जातातच. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचे गेले. मी वाटच बघत होतो.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. काका, आकडा बघा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी स्वतः तो बघितला नव्हता, कारण मशीन तेच, डॉक्टर तोच, आणि आकड्याला हात लावणारं दुकानात कुणी असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. संशय घ्यायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, स्वतःचा कान. आणि मी म्हटलं, “मला तर नेहमीसारखाच वाटला आवाज.”

ते बरं म्हणाले आणि उठले.

त्यानंतर त्यांचं चुकायला लागलं. पाठमोरे उभे राहून म्हणायचे, “परत लाव.” मी परत लावायचो. “तिसरं?” चौथं असायचं. “न्हाय, थांब, सांगू नको,” म्हणायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे. पाच दिवसांत त्यांनी तो खेळ बंद केला. ग्राहकाकडे गेले की पलंगावर पडायचे, पण उठल्यावर मला विचारायचे, “तुला काय वाटते?” मला, ज्याला सुरू आणि बंद यातला फरक हात लावून कळायचा.

इकडे माझी झोप उडाली. मी दोशींना फोन केला. “आवाज? एकदम बंद. बीवी खुश है.” आणि झोप? “झोप ठीक. थोडी सुस्ती रहती है दिन में.” सुस्ती हा शब्द मला कळला होता. आमच्या धंद्यात तो शब्द कळण्यासाठीच पगार मिळतो. सोमवारी जाऊन प्रेशर परत चौदावर करायचं असं मी ठरवलं. सोमवारी दुकानात माल आला. मंगळवारी भाभी बाहेरगावी होत्या. खरं म्हणजे आवाज परत वाढला की भाभींना काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. फोन वाजला की तो दोशींचा आहे का ते आधी बघायचो. दुसरंच कुणी निघालं की मी आणखी एक दिवस ढकलायचो.

शुक्रवारी दुपारी वरसाव्याच्या अलीकडे दोशींना स्कूटरवर डुलकी लागली. स्कूटर दुभाजकावर गेली. जीव वाचला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

डॉक्टरांनी मशीन मागवलं आणि प्रेशर आठ निघालं. शेठनी भेटींची वही उघडली. दोशींकडची शेवटची भेट सांतानकाकांची; माझी मी लिहिलीच नव्हती. मी जवळच उभा होतो. मशीनच्या मेमरी कार्डात प्रेशर कधी बदललं त्याची तारीख असते, आणि त्या तारखेला काका डोंगरीला सणावर होते. कार्ड कॉम्प्युटरला लावून बघा, एवढंच म्हणायचं होतं. दुकानात ते ठाऊक असणारे दोघंच, काका आणि मी. काकांनी ते म्हटलं नाही, कारण त्यांनी स्वतःवरचा आरोप केव्हाच मान्य केला होता.

“मास्क बदलताना माझ्याच हातून बटन दाबलं गेलं असेल, शेठ,” ते म्हणाले. “मना आवाज कमी आयकू आला होता. मी समजलो कान गेला. कान पन गेला आनि हात पन.” शेठ ओरडले नाहीत. दुखणं झाकून काम करायला नको होतं, एवढं म्हणाले. दोशी मात्र इस्पितळातून फोनवर जे बोलले ते मला समोर बसून ऐकू येत होतं. काका फोन कानापासून दूर न करता उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

चार वर्षं. या चार वर्षांत मी दुकान सोडलं, दुसरीकडे लागलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर मला स्वतःला तपासणी करावी लागली आणि डॉक्टरांनी प्रेशर लिहून दिलं, अकरा. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, “जरा कमी नाही का करता येत?” त्या रविवारी मी डोंगरीची बस धरली.

काका ओट्यावर बसले होते. वाळले होते. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सोलकढी आणली. काका मोठ्यानं म्हणाले, “जरा जोरात बोल, मना आयकू येत न्हाय.” मी मुद्दाम जोरात बोललो नाही. नेहमीच्या आवाजात, पेल्याकडे बघत, सगळं सांगितलं. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला.

काकांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “चौदाचं किती केलंस?”

“आठ.”

“चौदा आनि आठ.” त्यांनी मान हलवली. “एवढा फरक मना आयकू येनार न्हाय, असं वाटलं तुला?”

“आला होता काका. तुम्हाला आला होता, म्हणूनच मी खोटं बोललो.”

त्यांनी काकींना हाक मारली. “आयकलंस काय? कान बराबर होता.” आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता, हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर माणूस बोलतो तसं काहीतरी. मग माझ्याकडे वळून, “दोशीला सांगितलंस?”

“नाही.”

“मंग हितं काय करतोस? पाय त्याचा मोडला. आधी तिकडं जायाचं होतंस. जा.”

मला थांबवलं नाही. माफ केलं म्हणाले नाहीत. परतीची बस भाईंदरला आली आणि मी तसाच दोशींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, काठी मांडीवर आडवी ठेवून. भाभी उठून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. शेवटी दोशी म्हणाले, “पाय का छोडो. मैंने उस आदमी को फोन पे क्या-क्या बोला था, आपको मालूम है?” मला माहीत होतं. मी समोरच बसलो होतो.

तीन महिन्यांनी काका गेले. मला उशिरा कळलं, सातव्या दिवसाच्या मिस्साला पोचलो. चर्चमध्ये मागच्या बाकाशी उभा राहिलो. पुढून दुसऱ्या रांगेत, काकांच्या घरच्या माणसांत, दोशी काठी धरून बसले होते. म्हणजे मी सांगितल्यावर ते काकांकडे येऊन गेले असावेत. घरचे त्यांच्याशी ओळखीनं बोलत होते. माझ्याशी दोशी बोलले नाहीत.

बाहेर काकींनी मला ओळखलं. मला वाटलं, त्या तोंड फिरवतील. त्या जवळ आल्या. म्हणाल्या, “तू येऊन गेलास ना, दुसऱ्या दिवसापासून हे उत्तनच्या बंदरावर जायाला लागले. कुनाचं इंजिन, कुनाचा पंप. उठायची ताकद न्हाय आनि लोक बोलवायला येयाचे, सांतान, जरा आयकून जा. तीन महिने घरात टिकले न्हायत. त्याआधी चार वर्षं ओट्यावरून हलले न्हवते.”



“जरा आधी येयाचं होतंस, बाबा,” त्या म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे गेल्या.