खंडेनवमीला बसवलेला टायर

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. सप्तशृंगीच्या गडावर देवीसमोर डोळे मिटून उभा राहिलो, तेव्हाही एवढी वगळून बाकीचं सगळं बोललो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही आणि दसऱ्याला आमच्या घरी येणार नाही — एवढंच कारण असावं.

आधी माझ्या फुशारकीबद्दल सांगतो. ते सोपं आहे, म्हणून तिथून सुरू करतोय. कळतंय मला.

आमच्या इंदिरानगरात, आमच्या गल्लीत, कुणाच्या मोटरसायकलचा टायर गुळगुळीत झाला की तो नवा टायर घेऊन माझ्याकडे येतो. मी कचेरीत कारकून, पण हात मिस्त्रीचा आहे असं लोक म्हणतात. लोक म्हणतात म्हणजे — पहिल्यांदा मीच म्हणालो असेन. दुकानात टाकू नका हो, ते घाईत रिम ओरबाडतात, घरी निवांत करायचं, असं मी प्रत्येकाला ऐकवतो. टायर तासभर उन्हात तापवायचा. कडेला साबणाचं पाणी लावायचं. तेलाच्या कॅनचे प्लास्टिकचे तुकडे कापून रिमवर अडकवायचे, म्हणजे ओरखडा येत नाही. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची, म्हणजे ती चिमटत नाही. आणि कड रिमवर चढवायला टायरच्या लोखंडी पट्ट्याच वापरायच्या, गोल टोकाच्या. स्क्रूड्रायव्हर नाही. कुणाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला तर मी त्या माणसाला उठवून बाजूला बसवायचो. त्याचं टोक ट्यूबला खातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, एवढं लक्षात असू द्या.

नंदा माझी धाकटी बहीण, दिली लासलगावला. तिचा नवरा — आमचे दाजी — तिथं मार्केटात वजनकाट्यावर कामाला. सरळ माणूस. इतका सरळ की आम्ही त्यांची थोडी थट्टाच करायचो. आठ वर्षांपूर्वी नवरात्रात त्यांचा फोन आला. मागचा टायर पार गेलाय, नवमीला दोघं वणीला जायचं म्हणतोय, तर आधी इथंच दुकानात बदलून घेतो. मी म्हणालो, खबरदार. मी असताना दुकानात? घरी या, मी बसवतो, मग जा गडावर.

तर ते आले. नवमीला सकाळी, कॅरियरला नवा टायर बांधून, नंदा मागं बसलेली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं — खंडेनवमी. माझ्या सगळ्या पट्ट्या, पाने, पंक्चरचं सामान, पंपसुद्धा, पहाटेच धुऊन पाटावर मांडलेलं. हळदकुंकू लागलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. आमच्याकडे रीत अशी, की पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हलवायचं नाही. आई होती तोवर तिनं कधी हलवू दिलं नाही, आणि नंतर मीही हलवलं नाही.

मग काय करायचं होतं? सांगायचं होतं, दाजी, आज नाही होत. एसटीनं जा. दोन वाक्यं. पण मीच बोलावलं होतं ना त्यांना, मोठ्या तोंडानं. मी म्हणालो, त्यात काय, होऊन जाईल.

स्कूटरच्या डिकीत एक स्क्रूड्रायव्हर राहिला होता, तो पूजेत नव्हता. स्वयंपाकघरातून लोखंडी उलथनं आणलं. शेजाऱ्याचा पंप मागून आणला. पट्ट्या नाहीत, कॅनचे तुकडे नाहीत, उन्हात टायर तापवायला वेळ नाही. दाजी समोर उकिडवे बसून कौतुकानं बघत होते. “उलथन्यानं टायर! लय भारी हाय बुवा तुमचं,” म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

शेवटची वीतभर कड राहिली होती. ती चढेना. मी स्क्रूड्रायव्हर खाली घातला आणि जोर दिला, तेव्हा हाताला लागलं ते — लोखंडाला लोखंड लागतं तसं नव्हतं. मऊ. मी थांबलो. कडेतून बोट आत सारलं. ट्यूबवर नखाएवढी खाच होती. आरपार नव्हती. पण होती.

इथं मी कितीदा थांबलोय मनातल्या मनात. आठ वर्षं झाली, बोट अजून तिथंच आहे.

उघडून पॅच मारायचा, तर पॅच पाटावर. पाट हलवायचा, तर दाजींना सांगावं लागणार, बोंबललं सगळं. मी साबणाचा हात पुसला, कड चढवली, हवा भरली. हवा टिकली. मी टायरवर थाप मारून म्हणालो, “झालं दाजी. निर्धास्त जा.”

जाताना काही झालं नाही. दर्शन झालं. येताना नांदुरीच्या घाटात, उताराच्या वळणावर, मागचं चाक एकदम बसलं. दाजींना खरचटलं. नंदा उजव्या कोपरावर पडली, कोपर फुटला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी टेम्पोतून गाडी घरी आणली आणि एकट्यानं टायर उघडला. पट्ट्या पाटावरून मीच उचलल्या. सोनं वाटायचं होतं अजून, पण तेव्हा कसली रीत? ट्यूब हातभर फाटलेली. आणि फाटायला सुरुवात कुठून झाली होती, ते मला शोधावं लागलं नाही.

दवाखान्यात गेलो, तर दाजी बाकावर बसलेले. एका जीपला मागं टाकून त्यांनी ते वळण घेतलं होतं, आणि रात्रभर तेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. मला म्हणाले, “भाऊ, गाडी आधी डोलली का मी वळण जोरात घेतलं, काय उमगत नाय. तुम्ही टायर पाह्यला ना? तो आधी बसला का?”

सगळं खानदान टायरच्या बाबतीत माझा शब्द मानतं. त्या बाकावर दाजीही मानणार होते.

मी म्हणालो, “नाही. पडल्यावर गेली ट्यूब. रिमखाली येऊन फाटली.”

ते रडले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, माझ्यामुळं झालं, तुमच्या बहिणीचा हात मी घालवला, मला माफ करा. आणि मी — हे लिहितानाही लाज वाटते — मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं माणसाकडून, दाजी. मनात ठेवू नका.” मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीबद्दल.

नंदाचा कोपर डॉक्टरांनी दोनदा उघडला, तरी पुरता वाकला नाही. उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत पोचत नाही. डाव्या हातानं जेवते. भाकरी दाजी थापतात. सकाळी कामावर जायच्या आधी तिची वेणीही तेच घालतात, आणि चांगली घालतात. मोटरसायकल त्यांनी त्याच महिन्यात विकली. कामावर चालत जातात. कुणी मागं बस म्हटलं तरी बसत नाहीत. नंदा एकदा मला म्हणाली, दादा, तू तरी समजाव ना यांना, स्वतःला किती खातात. माझं ऐकतील म्हणाली. खरंच ऐकतील. एका वाक्यात मोकळे होतील, आणि ते वाक्य माझ्याकडेच आहे.

का नाही सांगितलं? पहिल्या वर्षी वाटलं, नंदा बरी होऊ दे. मग वाटलं, आता सांगून हात थोडाच वाकणार आहे. या दोन्ही सबबी आहेत. खरं एवढंच, की टायर कुणाकडून बसवायचा असं विचारलं की गल्लीत अजून माझं नाव निघतं, आणि मला ते आवडतं.

ती ट्यूब मी टाकली नाही. घडी करून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली आहे. दर खंडेनवमीला पट्ट्या बाहेर निघतात, हळदकुंकू लागतं, आणि ती खालीच राहते.

यंदा नंदाची मुलगी, माझी भाची, अठराची झाली. तिला स्कूटी हवी आहे. दाजी आधी नाहीच म्हणत होते. मग दसऱ्याला आमच्याकडे आले, तेव्हा माझ्यासमोर तिला म्हणाले, “घे. पण टायरचं काय बी काम निघालं तर मामाकडंच आणायचं. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाय मला.”

मी हो म्हणालो.

मग त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. हात सोडला नाही. दर दसऱ्याला म्हणतात तेच, हळू आवाजात, नंदाला ऐकू जाऊ नये म्हणून पाठ वळवून म्हणाले — “भाऊ, त्या दिवसाचं तेवढं पोटात घाला.”

आणि मी त्यांना यंदाही माफ केलं.