शर्टाशिवाय शिडी नाही

आढ्यावर चढायचं तर उघड्या अंगानं, ही पत्रे ठोकणाऱ्या त्या टोळीची रीत. शर्ट घालतो तो नवखा. मिस्त्रीनंच ही रीत पाडली होती आणि रापलेल्या पाठीचा त्याला भारी ताठा होता.

मग त्याच्या कानाच्या पाळीवर चट्टा उठला. काही केल्या बरा होईना. डॉक्टरांनी तेवढा तुकडा कापून तपासला. "कातडीचा कॅन्सर. उन्हानं केलंय हे. वेळेत आलात, म्हणून कानावर भागलं."

मिस्त्री कामावर परतला तो लांब बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी आणि मानेवर फडकं घेऊन. टोळी खदाखदा हसली. सगळ्यांत मोठ्यानं त्याचा जावई.

"मामा, मोहोळ काढायला निघालात का?"

"कान दिलाय, जावईबापू. नाक द्यायचं नाही."

जावयाच्या पाठीची सालपटं निघालेली. वर खोबरेल चोपडलेलं. ऊन घसरून जातं म्हणे! तळायच्या आधी वांग्यालाही असंच चोपडतात. ती पाठ पाहून मिस्त्रीला आपली लेक आठवली. तो वर चढला आणि शिडी वर ओढून घेतली.

"अंगात शर्ट नाही, त्यानं वर यायचं नाही!"

मुकादम धावत आला. दुसरी शिडी पलीकडच्या कामावर गेलेली. "डोकं फिरलं का? ही काय कचेरी आहे? शिडी सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या. आज मीही वर आहे अन् शिडीही वर आहे."

"पण ही रीत तुम्हीच पाडलीत ना?" जावई खालून ओरडला.

"मीच पाडली, मीच मोडतोय. तुझ्या बापाची असती तर त्याला विचारलं असतं."

पत्रा तापला. बूड भाजत होतं, तरी मिस्त्री मांडी ठोकून बसला. मुकादमानं शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. शेवटी टोळीतल्या म्हाताऱ्यानं पिशवीतून शर्ट काढला. "घाला रे. हा खुळा संध्याकाळपर्यंत हलायचा नाही." एकेक करत सगळ्यांनी घातले. जावई शेवटचा, तोही तोंड वाकडं करत.

तेव्हा शिडी खाली आली. जावई वर पोचताच मिस्त्रीनं स्वतःची कॉलर वर केली, मानेचं फडकं सोडलं आणि त्याच्या हनुवटीवरून गच्च आवळलं.

"हे कशाला आता?"

"ऊन पत्र्यावरून उसळतं, खालून भाजतं. टोपी त्याला काय करणार, गाढवा?"

"मामा, गुदमरतंय!"

"गुदमर. लेक माझी आहे."